पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्थेतील इंटर्नशिप : नेमकं काय असतं?

देशाच्या सुरक्षेचं काम म्हणजे फक्त फौजेची भरती नव्हे. दिल्ली छावणीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था सुरक्षा धोरणावर संशोधन करते. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ती स्थापन झाली, तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. २०२० मध्ये तिला पर्रीकरांचे नाव देण्यात आले. संस्था स्वायत्त आहे. निधी संरक्षण मंत्रालयाचा.

काम काय? चीन, पाकिस्तान, सायबर, अणुधोरण अशा एखाद्या विषयावर संशोधकाच्या हाताखाली वाचायचं, टिपणं काढायची, संदर्भ तपासायचे, लेख लिहायचा. गुप्त कागद हाती पडतात, हा गैरसमज आहे. काम उघड माहितीवरच चालतं.

आपली पोरं अडतात ती इंग्रजी लेखनावर. त्यामुळे स्वतः लिहिलेले एक-दोन चांगले लेख आधीच तयार ठेवा. दिल्लीतल्या खोलीचा आणि मेसचा हिशेबही घरी बसूनच मांडा.

इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे. पात्रता, मुदत, मानधन संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा. ‘जागा लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.