एअर इंडिया विकली, म्हणजे आपले नेमके काय विकले?

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. त्या दिवसांत 'महाराजा घरी परतला' अशा थाटाच्या बातम्यांना ऊत आला होता. जेआरडींच्या जुन्या फोटोंनी मोबाइल भरून गेले होते. आपल्यातलेही अनेक तरुण तेच फोटो पुढे ढकलत होते. जवळपास ६९ वर्षे जी कंपनी या देशाच्या मालकीची होती, ती 'घरी' गेली म्हणजे कोणाच्या घरी गेली? आणि इतकी वर्षे ती ज्यांच्या घरी होती, त्या तुम्हा-आम्हाला त्या दिवशी कोणी विचारले का?

मित्रांनो, विमानाचा आणि आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. मीरा रोड, भाईंदर, काशीमिऱ्याच्या वस्त्यांमधून पहाटेच्या लोकलने अंधेरीला उतरून विमानतळावर सामान उचलायला, केबिन झाडायला, गाड्या चालवायला जाणारी पोरे आपलीच आहेत. म्हणून हा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

टाटांकडून देशाकडे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपाल आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंटने ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. ही गोष्ट आपल्याला शाळेत साहसकथा म्हणून सांगतात. त्या विमानात प्रवासी नव्हते, सरकारचे टपाल होते, हे मात्र कोणी ठळकपणे सांगत नाही. भारतातल्या खासगी हवाई वाहतुकीचे पहिले उड्डाणच सरकारी टपालाच्या कंत्राटावर झाले.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची 'एअर इंडिया' ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. परदेशी उड्डाणांसाठी १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल निघाली, तेव्हा ४९ टक्के भांडवल सरकारने घातले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्यात जनतेचा पैसा होता.

देशांतर्गत धंद्याची अवस्था वेगळी होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि कंपन्यांचे पीक आले. विमाने जास्त, प्रवासी कमी. कंपन्या तोट्यात बुडू लागल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्ये या धंद्याची तपासणी केली. अखेर १९५३ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून दोन सरकारी महामंडळे सुरू झाली: परदेशासाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशासाठी इंडियन एअरलाइन्स. आठ देशांतर्गत कंपन्यांची मिळून ९९ विमाने इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्यांतली ७४ डाकोटा होती, १२ व्हायकिंग आणि ३ डीसी-४. मालकांना मोबदला मिळाला, जुनी विमाने आणि बुडता धंदा देशाने अंगावर घेतला.

हे विधेयक मांडणारे दळणवळण मंत्री होते बाबू जगजीवनराम. त्यांच्या काँग्रेसी राजकारणावर आंबेडकरी चळवळीने नेहमीच टीका केली आणि ती योग्यच होती. पण देशाची विमाने भांडवलदारांच्या हातून काढून देशाच्या नावावर करणारा कायदा एका चर्मकार समाजातल्या मंत्र्याच्या हातून झाला, ही नोंद 'महाराजा'च्या गोष्टी सांगणारे कधी करत नाहीत. ती आपण केली पाहिजे.

या निर्णयामागचा विचार आपल्याला अनोळखी नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मोक्याचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते संविधानातच लिहून ठेवावे, अशी मांडणी केली होती. सरकारने हात काढून घेतला की ते स्वातंत्र्य जमीनदाराला आणि कारखानदाराला मिळते, कामगाराच्या वाट्याला मालकाची हुकूमशाही येते, हा त्यांचा मुद्दा होता. ज्याच्या पोटात अन्न नाही तो नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कही गहाण टाकतो, हे त्यांनी बजावले होते. तो भाग संविधानात आला नाही. पण सार्वजनिक उद्योग उभे राहिले, तेव्हा त्या विचाराचा काही अंश प्रत्यक्षात उतरला.

ताफा आणि त्याची नावे

विमानांना दिलेली नावे बघा, देश कोणाचा समजला जात होता ते कळते. पहिल्या कॉन्स्टेलेशन विमानांची नावे मलबार प्रिन्सेस, राजपूत प्रिन्सेस, मराठा प्रिन्सेस, मोगल प्रिन्सेस. संस्थाने विलीन झाली, राजकन्या आकाशात राहिल्या. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला मिशाळ 'महाराजा' प्रजासत्ताक आल्यावरही कंपनीचे बोधचिन्ह राहिला. संविधानाने राजा-प्रजा संपवली, पण जगासमोर भारत म्हणून उभा राहिला तो कमरेत वाकणारा महाराजा.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले. त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावे मिळाली. 'गौरीशंकर' हे पहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये पंख्याची विमाने काढून टाकून पूर्ण जेट ताफा असलेली जगातली पहिली कंपनी होण्याचा मान एअर इंडियाने मिळवला. कोणत्या खासगी मालकाने नव्हे, सरकारी महामंडळाने.

१९७१ मध्ये पहिले जम्बो, बोइंग ७४७ आले. त्याचे नाव 'एम्परर अशोक'. पुढे 'एम्परर कनिष्क'ही आले. धम्मचक्र जगभर नेणाऱ्या दोन सम्राटांची नावे घेऊन सरकारी विमाने खंड ओलांडत होती. दोन्हींचा शेवट दुःखद झाला. १ जानेवारी १९७८ रोजी 'अशोक' मुंबईहून उडताच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले, २१३ जण गेले. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' खलिस्तानी अतिरेक्यांच्या बॉम्बने अटलांटिकवर फुटले, ३२९ जण गेले.

आणि १९९० विसरू नका. इराकने कुवेत गिळले तेव्हा अडकलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे परत आणायला ४८८ उड्डाणे झाली. त्यांत मोठी संख्या आखातात राबणाऱ्या कामगारांची होती. देशाच्या हातात विमाने होती म्हणून गवंडी, सुतार, ड्रायव्हर परत आले. नेपाळ, भूतानसारखे छोटे देशही आपली सरकारी विमान कंपनी टिकवून आहेत, त्यामागे असे एखादे गणित असतेच. संकटात नफा न बघता उडणारे विमान आपल्या हातात असावे लागते.

सर्वात मोठी मालमत्ता: 'राज्य' हा दर्जा

पण आमच्या मते एअर इंडियाची सर्वात मोठी मालमत्ता विमाने नव्हती. ती होती संविधानाच्या कलम १२ खालचा 'राज्य' हा दर्जा.

या एका शब्दामुळे काय झाले? कलम १६(४) खालचे आरक्षण या कंपनीत आले. खुल्या स्पर्धेने होणाऱ्या देशव्यापी भरतीत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि मंडलनंतर ओबीसींना २७ टक्के. पदोन्नतीत अनुसूचित जाती-जमातींना वाटा. बिंदुनामावली, संपर्क अधिकारी, अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार, पुढे माहिती अधिकार. आणि अन्याय झाला तर कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालय.

१९८१ चा नर्गेश मिर्झा खटला आठवा. हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिची नोकरी संपायची. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कलम १४ चा भंग ठरवून रद्द केला. निकाल परिपूर्ण नव्हता. नोकरीची पहिली चार वर्षे लग्न करायचे नाही ही अट न्यायालयाने कायम ठेवली. तरी कर्मचारी बायका मालकाला समतेच्या हक्काचा जाब विचारू शकल्या, कारण मालक 'राज्य' होता.

आता २०२४ बघा. वेतनवाढ आणि बढती अडल्याच्या तक्रारी घेऊन कर्मचारी २०११ आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. कंपनी तेव्हा सरकारी होती. खटला रेंगाळला आणि तेवढ्यात कंपनी विकली गेली. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की आता ती खासगी आहे, रिट चालणार नाही. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, फक्त दुसऱ्या योग्य ठिकाणी दाद मागण्याची मुभा ठेवली. म्हणजे अन्याय झाला असे म्हणणारे तेच, तक्रार तीच, पण मालकाची पाटी बदलली आणि संविधानाचे दार बंद झाले. खासगीकरण म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत आम्हाला सांगता येणार नाही.

'पण तोटा किती होता!'

हा प्रश्न आपलीच शिकलेली मुले विचारतात. सरकार सांगत होते, रोज २० कोटींचा तोटा. ठीक आहे, हिशेब करू.

कर्ज कोणी केले? २००५-०६ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांसाठी १११ विमानांची मागणी नोंदवली गेली. एअर इंडियासाठी आधी २८ विमानांचा विचार होता, तो फुगून ६८ वर गेला. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण उरकले. कॅगने २०११ च्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. हे निर्णय लोडरने घेतले नव्हते, राखीव जागेवर लागलेल्या कारकुनाने घेतले नव्हते. ते मंत्रालयात आणि संचालक मंडळात झाले, जिथे आपली माणसे हाताच्या बोटांवरही मोजता येत नव्हती.

कर्ज फेडले कोणी? ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज होते ६१,५६२ कोटी. टाटांची बोली १८,००० कोटींची, त्यात १५,३०० कोटी कर्ज उचलायचे आणि २,७०० कोटी रोख. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडे, म्हणजे तुमच्या-आमच्या डोक्यावर. सरकारकडे सुमारे १४,७१८ कोटींची जमीन-इमारती वगैरे राहिली, हेही सांगायला हवे. तरी बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा. १९५३ मध्ये बुडता धंदा देशाने घेतला, २०२२ मध्ये कर्जाचा मोठा वाटा देशाने ठेवून धंदा दिला. दोन्ही वेळा तोट्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

विक्रीआधीच पोखरण

सरकारी एअर इंडिया म्हणजे समतेचे नंदनवन होते, असे आम्ही म्हणत नाही. वैमानिकाचा परवाना मिळवायला लाखो रुपये लागतात, तिथे आपली पोरे पोहोचत नव्हती. अनुशेष होता. आणि विक्रीच्या वेळी एअर इंडियात १२,०८५ कर्मचारी होते, त्यांतले ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. एक तृतीयांश माणसे आधीच कंत्राटावर! कंत्राटी भरतीत बिंदुनामावली कोण तपासतो? कंपनी एका दिवसात विकली गेली नाही. आधी नोकरी विकली, मग कलिन्याच्या वसाहतीतली घरे सोडा म्हणून नोटिसा आल्या.

जुलै २०२४ मध्ये कलिन्यालाच एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसने लोडरच्या २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या. वीस-पंचवीस हजार तरुण आले, चेंगराचेंगरीची वेळ आली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ही जमिनीवरची कामे करणारी कंपनी विक्रीतून वगळलेली, सरकारच्याच मालकीची. तिथेही मुदतीची कंत्राटी नोकरी. पदवीधर पोरे बॅगा उचलायला रांगेत, आणि तीही कायम नाही.

हे आपल्या शहरापासून लांब नाही. मीरा-भाईंदरमध्ये परिवहन सेवेची बस ठेकेदार चालवतो, रस्ते झाडणारा ठेकेदाराचा माणूस असतो. बसवर पाटी महापालिकेची, नोकरी ठेकेदाराची. झाडूवाल्यांमध्ये बहुसंख्य कोण, हे सांगायची गरज नाही. विमानतळावर जे झाले तेच गल्लीत झाले आहे.

मग करायचे काय?

नुसते खासगीकरणाला शिव्या देऊन भागणार नाही. एअर इंडियाला आता माहिती अधिकार लागू नाही, पण एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस, अलायन्स एअर, विमानतळ प्राधिकरण सरकारी आहेत. त्यांची बिंदुनामावली, कायम आणि कंत्राटी पदांची प्रवर्गनिहाय संख्या मागवा. महापालिकेच्या प्रत्येक ठेक्यात कामगार किती, कोणत्या प्रवर्गातले, किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, हे विचारा. नवी मुंबई विमानतळात ७४ टक्के अदानी समूहाचे आणि २६ टक्के सिडकोचे आहेत. जमीन सार्वजनिक अधिकारातून मिळाली असेल तर नोकरीत सामाजिक न्यायाची अट का नको, हा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या दारात न्या. खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी जयंतीच्या भाषणापुरती ठेवू नका, ती मतदानाची अट करा.

महाराजा त्याच्या घरी गेला, जाऊ द्या. राजे-महाराजांशी आपले देणेघेणे कधीच नव्हते. आपले देणेघेणे त्या दाराशी आहे, ज्यातून रोजंदारीवर राबणाऱ्या बापाची लेक राखीव जागेवर अधिकारी होऊन आत शिरू शकत होती. ते दार एकेक उद्योगात, एकेका ठेक्यात बंद होत आहे. जिथे ते अजून किलकिले आहे, तिथे आधी पाय अडकवा.

जय भीम!