लग्नाचा चौक आणि लग्नगडी

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू होतो, सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातो आणि शीळफाट्याला उजेडात येतो. पुढे विरार, बोईसर करत हा मार्ग डहाणू-तलासरीच्या वारली मुलखात शिरतो. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा ठाणे जिल्हाच होता. वारली चित्रांचा इतिहास याच पट्ट्यातला आहे, आणि तो केवळ चित्रांचा नाही.

आज साडी-कपबशीवर दिसणारा तारपानाच मूळ परंपरेच्या केंद्रस्थानी नव्हता. केंद्रस्थानी होता लग्नाचा चौक. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडावर सवासिणी तांदळाच्या पिठाने तो काढत. मध्ये पालघट देवी, बाजूच्या चौकात घोड्यावरचा पंचशिर्‍या, वर चंद्र-सूर्य, भोवती झाडं, जनावरं, माणसं. धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावी. चौकाशिवाय लग्न लागत नसे. जमीन म्हणजे धरतरी, धान्य म्हणजे कणसरी, पाऊस म्हणजे नारनदेव, अशी नाती असलेल्या समाजात आभाळ आणि शेत एकाच भिंतीवर येणं साहजिकच होतं.

पण त्याच लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढावं लागे. ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायको जमीनदाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या भिंतीवर सुफलतेची देवी बसे, त्याच घरात गुलामीची सुरुवात होई. धरतरी आपली, सातबारा दुसर्‍याचा. चौक देवांचा असल्याने त्यात सावकाराला जागा नव्हती. ती जागा इतिहासाने भरून काढावी लागते.

जानेवारी १९४५मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारलीही आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावच्या सभेत वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारं लिहून ठेवलं आहे.

पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे गेले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगाला ठाऊक झाले. लग्नाच्या निमित्ताविना, रोज चित्र काढणारा हा पुरुष. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची वीण अख्खा कागद व्यापते. १९८९मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियन द ला तेर’ प्रदर्शनात त्यांचं काम होतं. २०११ साली पद्मश्री मिळाली. कागदामुळे पैसा आला, नाव आलं. मात्र चौक काढणार्‍या सवासिणींची नावं मागेच राहिली. त्यांचं चित्र विधीसाठी होतं, सहीसाठी नव्हे.

१९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. आता तिथूनच बुलेट ट्रेन जाते आहे, आणि वाढवणच्या किनार्‍यावर, मच्छीमारांचा विरोध असताना, २०२४मध्ये बंदराची पायाभरणी झाली. अशा वेळी वारली चित्राला ‘निसर्गाशी नातं’ म्हणून मिरवणं सोपं असतं. १९४५च्या लोकांनी मात्र त्या नात्याचा अर्थ नेमका लावला होता: चौकातली धरतरी कसणार्‍याच्या हातात नसेल, तर लग्न आपलं असूनही संसार मालकाचाच होतो.