मामांचा डग्गा

मिरजेचं घर विकलं तेव्हा मामांच्या सगळ्या एलपी माझ्याकडे पुण्याला आल्या. दोन खोकी. प्रत्येक कव्हरच्या मागे पेन्सिलीने विकत घेतल्याची तारीख लिहिलेली. मामांचं आयुष्य रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलं, पण या रेकॉर्डी त्यांनी ऐकल्या त्या एका साध्या पेटी-प्लेअरवर. मी ठरवलं, आपण त्या थाटात ऐकायच्या. टर्नटेबल घेतलं, त्यावर डेनॉनची डीएल-१०३ कार्ट्रिज बसवली, आणि तिला लागतो तो छोटा ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारातून स्वस्तात आणला.

पहिली रेकॉर्ड लावली भीमसेनांची. आवाज भरपूर होता, पण पातळ. तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीच. तबला टणटणीत ऐकू येत होता, डग्गा मात्र शोधावा लागत होता. आणखी चार रेकॉर्डी लावून पाहिल्या, तेच. मग मी फोन केला आणि मोठ्या शहाणपणाने सांगून टाकलं, "मामा, तुमच्या रेकॉर्डी झिजल्यात हो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग "असेल" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मलफडक्याने पुसून पुसून जपलेल्या रेकॉर्डी होत्या त्या. मला वाईट वाटलं, पण खरं ते सांगितलं असंही वाटलं. ते खरं नव्हतं. का नव्हतं, हे कळायला मला बरंच मागे, थेट १८३१ सालापर्यंत जावं लागलं.

त्या वर्षी मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये दोन प्रयोग केले. ऑगस्टमध्ये एका लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या. एकीतला विजेचा प्रवाह चालू-बंद केला की दुसरीला जोडलेली सुई हलायची. हा ट्रान्सफॉर्मरचा पूर्वज. ऑक्टोबरमध्ये त्याने एका कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर हलवला आणि वीज मिळाली. हा आपल्या कार्ट्रिजचा पूर्वज. माझ्या टेबलावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन वस्तू अशा एकाच वर्षातल्या भावंडं निघाल्या!

रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते. तिच्या दुसऱ्या टोकाला चुंबक लावला तर तो स्थिर कॉइलसमोर हलतो. याला म्हणतात मूव्हिंग मॅग्नेट. १९५८ साली स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या शुअर कंपनीने या जातीची एम३डी ही स्टीरिओ कार्ट्रिज काढली. इथे कॉइल जागेवर बसून असते, त्यामुळे तिला हवे तेवढे वेढे देता येतात. चार-पाच मिलिव्होल्ट सहज मिळतात. प्रीअ‍ॅम्प बनवणाऱ्यांनीही या कार्ट्रिजसाठी ४७ हजार ओहम हा आकडा धरला, तो आजतागायत चालू आहे.

दुसरी रीत उलटी. चुंबक स्थिर, हलते ती कॉइल. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीने आपली अशी पहिली कार्ट्रिज १९४८ मध्ये काढली आणि १९५९ मध्ये स्टीरिओसाठी एसपीयू. आता सुईलाच कॉइल वागवायची म्हटल्यावर ती हलकी हवी, म्हणजे वेढे मोजकेच. वेढे कमी म्हणजे विरोध कमी (जुन्या एसपीयूचा दोन ओहमच्या आसपास) आणि आवाजही कमी, मिलिव्होल्टचा पाचवा हिस्सा. मिळतं काय, तर सुई खाचेचा अगदी बारीक तपशील पकडते. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या रेडिओसाठी तयार झालेली डीएल-१०३ याच घराण्यातली. विरोध ४० ओहम, आवाज ०.३ मिलिव्होल्ट. ती आजही मिळते.

एवढासा आवाज नेहमीच्या प्रीअ‍ॅम्पला पुरत नाही. आधी तो दहा-वीस पट वाढवायला हवा, आणि त्या काळच्या व्हॉल्व्हची स्वतःचीच खरखर एवढ्या बारीक आवाजावर मात करायची. म्हणून ट्रान्सफॉर्मर. त्याला ना वीज लागते ना व्हॉल्व्ह. १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टरवर चालणारे छोटे अ‍ॅम्प आले, जॉन कर्लने बनवलेला मार्क लेव्हिन्सनचा जेसी-१ त्यातला गाजलेला. पुढे कित्येक प्रीअ‍ॅम्पमध्येच 'एमसी' असं बटण आलं. माझ्या प्रीअ‍ॅम्पला ते नाही, म्हणून ती जुनी डबी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन. "रात्रभर विचार केला. झिजलेली रेकॉर्ड खरखरते रे, वरचे सूर फाटतात. पण डग्गा जात नाही. डग्गा गेलाय तो मध्येच कुठेतरी. तू ट्रान्सफॉर्मर लावलायस ना? त्यावर किती ओहम लिहिलेत बघ."

मी डबी उलटी केली. तीन ओहम, १:३०.

"आणि तुझ्या त्या कार्ट्रिजचे?"

"चाळीस."

"मग काय! रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर कधी असा डोळे मिटून लावतात का?"

रेडिओवाल्याला हे पाठ असतं. व्हॉल्व्हला समोर ५ हजार ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. म्हणून २५:१ चा ट्रान्सफॉर्मर. वेढ्यांचं प्रमाण २५, पण ओहम बदलतात वर्गाने. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५, आणि ६२५ गुणिले ८ म्हणजे बरोबर ५ हजार.

तोच हिशेब माझ्याकडे उलटा. ३० चा वर्ग ९००. ४७ हजारांना ९०० ने भागलं की ५२. म्हणजे माझ्या ४० ओहमच्या कार्ट्रिजला समोर फक्त ५२ ओहम दिसत होते. तिने तयार केलेल्या आवाजातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तिच्याच कॉइलमध्ये अडकत होता. शिवाय तीन ओहमसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वाइंडिंग मोजक्या वेढ्यांचं असतं. त्याला ४० ओहमची कार्ट्रिज जोडली की खर्ज जिथून गळायला लागतो ती जागा सुमारे आठ पट वर सरकते. १० हर्ट्झची ८० हर्ट्झ होते. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याचा खर्ज, सगळं तिथेच गळत होतं. तरी १:३० मुळे आवाज मोठा होता, म्हणून मला त्या डबीचा संशयसुद्धा आला नाही.

माझी समजूत होती की 'मॅच' करायचं म्हणजे दोन्हीकडचे आकडे सारखे करायचे. टेलिफोनवाले लांबच्या तारांवर ६०० ला ६०० असं जुळवत, कारण त्यांना जास्तीत जास्त शक्ती पलीकडे पोचवायची असे. कार्ट्रिजला तसं दाबून चालत नाही. तिच्यापुढे तिच्या दहापट वगैरे ओहम असले म्हणजे ती मोकळेपणाने बोलते. १:१० चा ट्रान्सफॉर्मर लावला तर ४७० ओहम होतात आणि आवाजातला जेमतेम आठ टक्के भाग वाया जातो. आवाज थोडा लहान, पण पुरा.

तसा ट्रान्सफॉर्मर मिळायला दोन महिने लागले. तुमच्याकडेही अशी जुनी डबी असेल तर रेकॉर्डींना नावं ठेवण्याआधी ती एकदा उलटी करून बघा.

दिवाळीत मामा आले. मी तीच भीमसेनांची रेकॉर्ड लावली. ते भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून. पंचवीस मिनिटं कुणी काही बोललं नाही, फक्त त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता. बाजू संपली. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी फोनवर मी..."

"ते राहू दे," मामा म्हणाले. "आधी दुसरी बाजू लाव."