महानुभावांची ‘गुप्तता’ : एक पुनर्विचार

गुरुकुंज मोझरीच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थक्षेत्र होय. सांकेतिक लिपी वापरणारा हा पंथ काहीतरी निंद्य दडवीत असावा, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो पुराव्यास धरून नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी लोकभाषेत उपदेश केला. स्त्रियांनाही संन्यासाचा अधिकार दिला. पुढे केशिराजबास संस्कृतकडे वळू लागले, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या शिष्या वंचित होतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले, अशी नोंद ‘स्मृतिस्थळा’त आहे. दडवू पाहणारा आचार्य असे का करील?

सकळ लिपी ही चौदाव्या शतकातील. एका अक्षराऐवजी दुसरे योजण्याचा तो संकेत. ग्रंथांचे पावित्र्य राखणे हा त्याचा हेतू सांगितला जातो. त्याची किंमत मात्र मराठीनेच मोजली. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ (सु. १२७८) शतकानुशतके मठांबाहेर अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे अभ्यासकांस वाट मिळाली.

पंथ वऱ्हाडापुरता होता, हेही खरे नव्हे. पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने तो रुजला, मठ काबूलपर्यंत पोहोचले. आणि तेथेही धर्मग्रंथांची भाषा मराठीच राहिली.