मोटारदुरुस्ती : कंपनी कीं मिस्त्री?

मोटार बिघडली म्हणजे ठाणेकर गृहस्थापुढें प्रश्न उभा राहतो : अनेक शाखांचें स्वस्त गॅरेज, कीं नाक्यावरचा मिस्त्री? श्रोतेहो, या प्रश्नाला इतिहास आहे.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिची कुर्ल्याची फियाट पुढें पद्मिनी नांवानें, किरकोळ फेरफारांनिशीं, शतक संपेपर्यंत निघत राहिली. ती एकदां खोलून जोडणारा मिस्त्री जन्मभर त्या विद्येवर निभावून नेई. १९८३ सालीं मारुती आली, तिच्यामागून कंपनीचीं सर्व्हिस स्टेशनें. १९९४ सालीं कल्याणच्या कारखान्यांत प्यूजो ३०९ बनूं लागली; तीन-चार वर्षांतच तो संसार मोडला. गाड्या उरल्या, कंपनी उरली नाहीं! मग आधार मिस्त्रीचाच.

पण सुटा भागच मिळेना, तर तो तरी काय करणार? सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस मिळूं न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगानें २०१४ सालीं चौदा मोटारकंपन्यांस सुमारें २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला.

ऑइल बदलणें, अलाइनमेंट करणें, हीं कामें शाखावाल्यांस खुशाल द्यावीं. मात्र तेथें आज भेटलेला कारागीर पुढच्या खेपेस भेटेलच असें नाहीं. इंजिनासाठीं मी मिस्त्रीकडेच जातों. परंतु काढलेला जुना भाग हातीं आल्यावांचून पैसे देत नाहीं.