बाटलीतलं मीठपाणी

‘सलाईन लावलंय’ असं कळलं की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आपल्याकडे तर नुसत्या अशक्तपणालाही ‘एक बाटली लावून टाका ना डॉक्टर’ अशी मागणी होते. थेंब पडताना दिसतात, म्हणजे काहीतरी चाललंय! बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. या मीठपाण्याची औषधासारखी कसून परीक्षा घ्यायला मात्र वैद्यकाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली.

सुरुवात पटकीची. १८३१ च्या अखेरीस ही साथ इंग्लंडात पोचली. विल्यम ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी नि क्षार घटल्याचं दाखवून दिलं. (हाच गडी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानभर तारायंत्राच्या तारा ओढल्या.) मग घटलंय ते परत शिरेतूनच का भरू नये? ते धाडस मे १८३२ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातल्या थॉमस लाटाने केलं.

त्याची पहिली रोगी एक म्हातारी. डोळे खोल गेलेले, जबडा पडलेला, मनगटाला नाडी नाही. लाटाने हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ-सोड्याचं कोमट पाणी पिचकारीने हळूहळू आत सोडलं. आधी काहीच फरक नाही. मग चेहऱ्यावर तजेला आला, नाडी लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट पाणी गेलं, तेव्हा बाई चक्क थट्टामस्करी करू लागली. आता जरा झोप मिळाली की झालं, म्हणाली. लाटाही दमला होता. बाई वाचली असं समजून, तिला रुग्णालयातल्या डॉक्टरवर सोपवून तो निघून गेला. उलट्याजुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा कुणी दिलं नाही. साडेपाच तासांत बाई गेली. पाणी देत राहायला हवं होतं, हा लाटाचा निष्कर्ष पटकीपुरता अगदी बरोबर होता. पण पुढच्याच वर्षी तो स्वतःच वारला आणि साथ ओसरली तशी ही युक्तीही मागे पडली.

०.९ हा आकडा आला हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तो तांबड्या पेशींवर काम करत होता. कुणाच्या शिरेत बाटल्या रिकाम्या करायचा त्याचा विचार नव्हता. या पाण्यात क्लोराइड रक्तातल्यापेक्षा जवळपास दीडपट. त्याला ‘नॉर्मल सलाईन’ म्हणणं म्हणजे आंधळ्याचं नाव नयनसुख.

विसाव्या शतकात ते सगळीकडे पोचलं, पण कसोटी लागली ती आणखी उशिरा, तीही अल्ब्युमिन या महागड्या प्रथिन-द्रावणाच्या निमित्ताने. अल्ब्युमिनने माणसं दगावतात असा हिशेब १९९८ साली मांडला गेला आणि वाद पेटला. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या १६ अतिदक्षता विभागांत ६,९९७ रोग्यांवर ‘सेफ’ चाचणी झाली. कुणाला काय चाललंय ते समजू नये म्हणून बाटल्या खास बनवलेल्या खोक्यांत झाकलेल्या. २००४ साली निकाल आला. २८ दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ७२६ मृत्यू, सलाईनच्या गटात ७२९. स्टार्चच्या द्रावणाचं नशीब वेगळं. २०१२ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत सेप्सिसच्या रोग्यांपैकी स्टार्च मिळालेले ५१ टक्के नव्वद दिवसांत दगावले, साधं रिंगर द्रावण मिळालेले ४३ टक्के. तोवर स्टार्च वर्षानुवर्षं सर्रास चढवलं जात होतं.

‘फीस्ट’ ही चाचणी मी मुद्दाम मागे ठेवली. केनिया, युगांडा आणि टांझानियातली साधी रुग्णालयं. व्हेंटिलेटर वगैरे नाही. तापाने फणफणलेली, हातपाय गार पडलेली मुलं. जुलाबाची मुलं वगळलेली. आईबापांना कागद वाचून दाखवायलाही वेळ नसायचा; आधी तोंडी होकार, सविस्तर संमती मागाहून. काही मुलांना पहिल्या तासातच भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन, बाकीच्यांना फक्त सावकाश ठिबक. भराभर पाणी दिलेली मुलं जास्त वाचतील असाच सगळ्यांचा होरा होता. ३,१४१ मुलं झाल्यावर, जानेवारी २०११ मध्ये, देखरेख समितीने भरती थांबवायला लावली. अठ्ठेचाळीस तासांत सावकाशवाल्यांतली ७.३ टक्के मुलं गेली होती. भराभर दिलेल्यांतली साडेदहा टक्के.

आणि नंतर नोंदी उलगडल्या तेव्हा दिसलं ते असं: तासाभराने पाहिलं तर ज्यांना भराभर पाणी दिलं होतं, त्यांचेच हातपाय जास्त प्रमाणात गरम झाले होते, नाडी सुधारली होती. त्या तासाला कुणीही डॉक्टर लाटासारखाच निश्चिंत होऊन घरी गेला असता.