चंद्रकोष्टकांपासून आज्ञावलीपर्यंत

खस्थ ज्योतींची भावी स्थाने वर्तवण्याच्या गणितात चंद्राने ज्योतिर्विदांची सर्वाधिक परीक्षा पाहिली, कारण पृथ्वीबरोबरच सूर्यही त्याला सतत ओढत असल्याने त्याची गती कोणत्याही एका सोप्या सूत्रात बसत नाही. येल विद्यापीठातील अर्नेस्ट ब्राउन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेली चंद्रकोष्टके सुमारे १५०० पदांवर, म्हणजे मध्यम गतीत करावयाच्या लहानमोठ्या आवर्ती सुधारणांवर, आधारलेली होती आणि प्रत्येक स्थानासाठी कोष्टकांतील किमती शोधून त्यांची बेरीज करणे हे अत्यंत किचकट काम होते.

ग्रिनिच येथील ब्रिटिश नाविक पंचांगाच्या कार्यालयात लेस्ली कॉम्री यांनी १९२९ च्या सुमारास हे काम हॉलरिथ यंत्रांकडे सोपवले. कार्डावरील छिद्रांच्या जागेवरून आकडे ओळखणारी ही यंत्रे मुळात जनगणनेसाठी निघालेली होती; तरीही कोष्टके सुमारे पाच लाख कार्डांवर उतरवून कॉम्री यांनी १९३५ ते २००० या काळातील प्रत्येक मध्यान्हीची व मध्यरात्रीची चंद्रस्थाने त्यांच्याकडून काढून घेतली. पद्धत मात्र ब्राउन यांचीच राहिली.

ती बदलली त्यांचे शिष्य वॉलेस एकर्ट यांनी. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या आयबीएमच्या एसएसईसी या यंत्राला आज्ञावली, म्हणजे क्रियांचा क्रम सांगणाऱ्या सूचना, देता येत असल्यामुळे एकर्ट यांनी कोष्टके बाजूला ठेवून मूळ पदेच थेट मोजली. कोष्टके ही माणसाच्या श्रमांना दिलेली सवलत होती आणि तिची किंमत सूक्ष्मतेत मोजावी लागत होती, हे यातून उघड झाले. या पालटाचे महत्त्व वेगाहून मोठे आहे ते याच कारणाने. त्याच यंत्रावर गुरू ते प्लूटो यांची १६५३ ते २०६० पर्यंतची स्थाने काढताना तर पदांची मालिकाही वापरली नाही: परस्परांचे आकर्षण मोजून ज्योतींना ठरावीक कालखंडाने एकेक पाऊल पुढे नेण्याची ही रीत कॉवेल आणि क्रोमेलिन यांनी हॅलेच्या धूमकेतूच्या १९१० मधील आगमनासाठी हातानेच राबवली होती.

चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांकडून परतणाऱ्या लेसर किरणांनी १९६९ नंतर त्याचे अंतर अतिसूक्ष्मपणे मोजता येऊ लागले, तेव्हा ब्राउन यांची मालिका अपुरी ठरली. १९८४ पासून अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संयुक्त खगोलीय पंचांगाने जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत याच पावलापावलाच्या रीतीने सिद्ध केलेली स्थाने स्वीकारली, परंतु त्या गणनेला लागणारी आरंभीची स्थाने आणि वेग आजही वेधांच्या आधारानेच ठरवले जातात.